प्रभागाची रेषा आणि दलितांचे मत

सत्तेची वाटणी विधिमंडळात किंवा महापालिकेच्या सभागृहात होते असे आपण समजतो. ती तिथे होतेच. पण तिची पहिली वाटणी त्याच्या फार आधी होते, आणि ती कोणाच्या ध्यानीमनीही नसते. एका कार्यालयात शहराचा नकाशा पसरला जातो आणि त्यावर रेषा ओढल्या जातात. या गल्लीपासून त्या ओढ्यापर्यंत एक प्रभाग, ओढ्याच्या पलीकडे दुसरा. उमेदवार, पत्रके, सभा, जाहीरनामे हे सारे नंतरचे. कोणत्या वस्तीचे मत मोलाचे ठरणार आणि कोणत्या वस्तीचे मत मोजूनही वाया जाणार, हे त्या रेषेने बऱ्याच अंशी आधीच ठरवलेले असते.

राखीव जागांविषयी आपल्या चळवळीत पुष्कळ बोलले व लिहिले गेले आहे. राखीव जागेवर निवडून आलेला माणूस कोणाचा, त्याची निष्ठा समाजाशी की पक्षाशी, हा वाद तर पुणे कराराइतका जुना आहे. परंतु राखीव जागा ज्या जमिनीवर उभी असते त्या प्रभागाच्या आखणीकडे आपले लक्ष त्या मानाने कमी गेले. आरक्षणाची सोडत निघते त्या दिवशी सभागृह भरलेले असते. प्रभागांच्या आराखड्यावर हरकती मागवल्या जातात त्या दिवसांत मात्र आपल्यापैकी फार थोडे तिकडे फिरकतात. ही उदासीनता आपल्याला परवडणारी नाही, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

मी कसबा बावड्याचा. बावडा हे कोल्हापूर शहराचे उत्तर टोक. प्रभागांना आकडे देताना उत्तरेपासून सुरुवात करावी आणि दक्षिणेला शेवट करावा असा नियम आहे. त्यामुळे शहराची गणती बावड्यापासून सुरू होते. २०१५ च्या निवडणुकीत पहिल्या क्रमांकाचा प्रभाग ‘शुगर मिल’ हा आमच्याच भागातला होता. गणतीत आम्ही पहिले असलो तरी वाटणीत कितवे, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. आणि तो केवळ बावड्याचा नाही.

शाहूकाळातील धडा

राजर्षी शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी याच कसबा बावड्यातील लक्ष्मी-विलास पॅलेसमध्ये झाला. २६ जुलै १९०२ च्या त्यांच्या जाहीरनाम्याने संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या गेल्या. ही घटना आपल्याला पाठ आहे. तिच्याइतकी पाठ नसलेली दुसरी गोष्ट म्हणजे कोल्हापूरच्या नगरपालिकेतील जातवार प्रतिनिधित्व. नगरपालिका १८५४ साली स्थापन झालेली. तिचा कारभार मूठभर वरिष्ठवर्गीयांच्या हाती होता. शाहू महाराजांनी तिथे निरनिराळ्या समाजांना प्रतिनिधित्व मिळेल अशी व्यवस्था केली, आणि चर्मकार समाजातील दत्तोबा पोवार हे त्या नगरपालिकेचे चेअरमन झाले. ज्या शहरात अस्पृश्याला पाणवठ्याजवळ उभे राहता येत नव्हते, त्या शहराच्या पाण्याचा, दिव्याचा आणि रस्त्याचा कारभार एक अस्पृश्य पाहू लागला.

या घटनेकडे कोणी राजाचे औदार्य म्हणून पाहतात. मला तिच्यात राज्यशास्त्राचे एक सूत्र दिसते. समाज जेव्हा जातींनी चिरलेला असतो, तेव्हा नुसती खुली निवडणूक ही बहुसंख्य किंवा प्रबळ जातीची नेमणूक ठरते. मतपेटी तटस्थ असते हे खरे. परंतु मत देणारा माणूस तटस्थ नसतो. हे सूत्र महाराजांनी ओळखले होते. २१ व २२ मार्च १९२० च्या माणगाव परिषदेत त्यांनी बाबासाहेबांचे नेतृत्व जाहीरपणे पुरस्कारले. त्याच्या एकच वर्ष आधी, २७ जानेवारी १९१९ रोजी, साउथबरो समितीपुढे तरुण आंबेडकरांनी जी साक्ष दिली तिचा गाभाही हाच होता.

त्या साक्षीत बाबासाहेब सांगतात ते थोडक्यात असे : मतदारसंघ हा केवळ भूगोल नव्हे. एका भूभागात राहणारी माणसे एका मनाची असतात हे गृहीत धरूनच प्रादेशिक मतदारसंघाची कल्पना उभी आहे. जिथे माणसे शेजारी राहूनही एकमेकांच्या जीवनात शिरत नाहीत, तिथे ते गृहीत कोसळते. अस्पृश्यांचा प्रतिनिधी अस्पृश्यांनी निवडलेला नसेल, तर तो त्यांचा प्रतिनिधी नव्हेच. आजही आपल्या शहरांतील वस्त्यांचा नकाशा जातीचाच नकाशा असतो. कोल्हापुरात सिद्धार्थनगर, सदर बाजार, विचारे माळ, राजेंद्रनगर ही नावे घेतली की कोणते लोक कुठे राहतात हे निराळे सांगावे लागत नाही. साउथबरो समितीपुढचा प्रश्न म्हणूनच शिळा झालेला नाही.

नगरपालिकेत आपले मत नसणे म्हणजे काय, हे महाडने दाखवून दिले. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले ठरले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि हजारो अस्पृश्यांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. पुढे १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निर्णय होईपर्यंत दहा वर्षे हा लढा न्यायालयांत चालला. ठराव करणारे हात आणि ठराव मागे घेणारे हात सवर्णांचेच होते. तळ्याच्या पाण्यावर ज्यांचे जीवन अवलंबून होते, त्यांना मतदार म्हणून त्या सभागृहाला जाब विचारण्याची सोय नव्हती. मताधिकार तेव्हा मालमत्तेला आणि कराला बांधलेला होता. आज मत प्रत्येकाला आहे. ते मत परिणामशून्य करण्याचे मार्ग मात्र बदलले आहेत.

आधी डोकी मोजली जातात

रेषा ओढण्याच्या आधी डोकी मोजली जातात. प्रभागांची संख्या, त्यांचा आकार, त्यांतील राखीव जागा, सारे काही जनगणनेच्या आकड्यांवर ठरते. त्यामुळे जनगणनेत जो दिसत नाही तो नकाशावरही दिसत नाही.

महाराष्ट्रातील बौद्धांचा अनुभव याचा पुरावा आहे. १९५१ च्या गणनेत या भूभागात बौद्धांची संख्या जेमतेम अडीच हजार होती. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर झालेल्या १९६१ च्या गणनेत ती २७ लाख ८९ हजारांवर गेली. ही आपल्या इतिहासातील अभिमानाची नोंद आहे. परंतु अनुसूचित जातींच्या यादीत तेव्हा बौद्धांना स्थान नव्हते. बौद्ध म्हणून नोंदलेला माणूस अनुसूचित जातींच्या संख्येतून वजा होत होता. वस्ती तीच, दारिद्र्य तेच, सवर्णांची नजरही तीच. फक्त सरकारी आकड्यातून माणूस गेला. महाराष्ट्रातील अनुसूचित जातींचे प्रमाण १९७१ मध्ये शेकडा ६ आणि १९८१ मध्ये शेकडा ७.१ इतकेच भरले. १९९० साली कायदा दुरुस्त होऊन बौद्धांचा समावेश झाला, आणि १९९१ च्या गणनेत हेच प्रमाण एकदम शेकडा ११.१ झाले. दहा वर्षांत कोणत्याही समाजाची वाढ अशी होत नसते. जे होते तेच आता मोजले गेले होते.

याचा राजकीय परिणाम किती काळ टिकला ते पाहा. १९७१ च्या गणनेवर आखलेल्या विधानसभा मतदारसंघांत महाराष्ट्राच्या २८८ पैकी १८ जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होत्या. १९७८ पासून २००४ पर्यंतच्या सर्व निवडणुका याच रचनेवर झाल्या. २००८ ची पुनर्रचना अमलात आली आणि २००९ च्या निवडणुकीत या जागा २९ झाल्या. अठरा आणि एकोणतीस यांतला फरक अकरा जागांचा. या अकरा जागा पाव शतकाहून अधिक काळ आपल्या नव्हत्या. त्यासाठी कोणाला लाठी चालवावी लागली नाही की मतपेटी पळवावी लागली नाही. एक रकाना आणि एक जुना नकाशा एवढे पुरेसे झाले.

हा प्रश्न अजून संपलेला नाही. २०११ च्या गणनेत महाराष्ट्रात सुमारे ६५ लाख बौद्ध नोंदले गेले. त्यांपैकी अनुसूचित जातींत गणले गेले ते सुमारे ५२ लाख. उरलेल्यांपैकी पुष्कळांनी जातीच्या रकान्यात जुन्या जातीचे नाव सांगितले नसावे, असे मला वाटते. त्यामागची भावना मी समजू शकतो. जे नाव टाकून देण्यासाठी बाबासाहेबांबरोबर आपल्या वाडवडिलांनी धम्म स्वीकारला, ते नाव पुन्हा कशाला उच्चारायचे? याला माझे उत्तर असे आहे की धर्माचा रकाना निराळा आणि जातीचा रकाना निराळा असतो. पहिल्यात ‘बौद्ध’ लिहिणे हा आपल्या अस्मितेचा उच्चार आहे. दुसऱ्यात यादीतील नाव नोंदवणे म्हणजे त्या जातीचा अभिमान बाळगणे नव्हे. ज्या व्यवस्थेने त्या नावाखाली आपल्याला लुबाडले, तिच्याकडून येणे असलेल्या रकमेची ती पावती आहे. येणे वसूल होईपर्यंत पावती फाडून टाकणे शहाणपणाचे नाही. माझ्याशी मतभेद असणारे कार्यकर्ते आहेत, आणि त्यांच्या निष्ठेविषयी मला शंका नाही. परंतु पुढची जनगणना २०२७ साली व्हायची ठरली आहे आणि तीत सर्वच जातींची नोंद करण्याचे केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केले आहे. हा वाद आपण गणनेच्या आधी वस्त्यावस्त्यांत बसून मिटवला पाहिजे.

कोल्हापूरचे गणित

आता कोल्हापूरकडे येऊ. नगरपालिकेची महानगरपालिका १५ डिसेंबर १९७२ रोजी झाली. पहिली निवडणूक व्हायला १९७८ उजाडले. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून लागू झाली, शहरांच्या कारभाराला घटनेचे अधिष्ठान मिळाले. कलम २४३ न प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा, आणि त्यांपैकी किमान एक तृतीयांश स्त्रियांना, हे बंधनकारक झाले. महाराष्ट्राने २०११ साली स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेला.

किती नगरसेवक हवेत, याचे कायद्यात सूत्र आहे. तीन लाखांवर आणि सहा लाखांपर्यंत लोकसंख्या असेल तर ६५ नगरसेवक, आणि तीन लाखांपुढच्या प्रत्येक १५ हजारांमागे एक जादा. २००१ साली कोल्हापूरची लोकसंख्या ४,९३,१६७ होती, म्हणून नगरसेवक ७७. २०११ साली ती ५,४९,२३६ झाली, म्हणून ८१. यातून एका नगरसेवकामागे सरासरी ६,७८१ माणसे येतात. प्रभागाची लोकसंख्या या सरासरीपेक्षा दहा टक्क्यांहून कमी किंवा जास्त असू नये असा दंडक आहे. म्हणजे एक सदस्याचा प्रभाग सुमारे ६,१०० ते ७,४५० च्या दरम्यान हवा. एका माणसाच्या मताची किंमत दुसऱ्याच्या मताएवढीच असावी, हे त्यामागचे तत्त्व. ते योग्यच आहे.

पण समान लोकसंख्या म्हणजे न्याय्य प्रभाग नव्हे. इथेच आपली फसगत होते. उदाहरणादाखल अशी एक वस्ती घ्या, जीत दोन हजार दलित राहतात. ती संपूर्ण एका प्रभागात आली तर त्या प्रभागात त्यांचे प्रमाण जवळपास शेकडा ३० भरते. कोणत्याही उमेदवाराला त्यांच्याकडे पाठ फिरवून निवडून येणे कठीण. अनुसूचित जातींचे प्रमाण जिथे जास्त तो प्रभाग आधी राखीव, असा क्रम असल्यामुळे हा प्रभाग राखीव होण्याचीही शक्यता मोठी. आता त्याच वस्तीच्या मधल्या रस्त्यावरून रेषा जाऊ द्या. अर्धी वस्ती इकडे, अर्धी तिकडे. दोन्हीकडे प्रमाण शेकडा १५ च्या आत. दोन्ही प्रभागांची लोकसंख्या दंडकात अगदी चोख बसते. कागदावर कोणतीही चूक नाही. मात्र दलितांचे मत दोन्हीकडे निकालापुरते उरलेले नाही.

याच्या उलटही करता येते. तीन शेजारच्या दलित वस्त्या ओढूनताणून एकाच प्रभागात कोंबल्या, तर तिथे आपले प्राबल्य होते, आणि आजूबाजूच्या सर्व प्रभागांत आपण नाहीसे होतो. फोडणे आणि कोंबणे ही दोन हत्यारे आहेत. कोणते केव्हा वापरायचे हे रेषा ओढणाऱ्याच्या सोयीवर असते.

नियम अशा प्रकारांपासून संरक्षण देत नाहीत असे नाही. राज्य निवडणूक आयोगाच्या आदेशांत स्पष्ट म्हटले आहे की अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांचे शक्यतो विभाजन होऊ देऊ नये. नदी, नाले, रेल्वेमार्ग, मोठे रस्ते या नैसर्गिक सीमा पाळाव्यात. जनगणनेचा प्रगणक गट फोडू नये. प्रश्न आहे तो ‘शक्यतो’ या शब्दाचा. तो शब्द आहे तोवर वस्ती फुटली की नाही हे पाहणारा कोणीतरी डोळस माणूस वस्तीतच असावा लागतो.

शिवाय ही सारी मोजदाद २०११ ची. मधल्या काळात शहर हलले. महापुरांनी नदीकाठच्या वस्त्या पुन्हापुन्हा उठवल्या, पुनर्वसनाच्या वसाहती उभ्या राहिल्या, गावांतून माणसे कामासाठी आली. पंधरा वर्षांपूर्वीच्या आकड्यांवर आजचे प्रभाग ‘समान’ ठरतात ते कागदापुरते.

चार सदस्यांचा प्रभाग

२०१५ ची निवडणूक एक सदस्यीय ८१ प्रभागांवर झाली. तिची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ शहरावर प्रशासक होता. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाविषयी सर्वोच्च न्यायालयाचा ४ मार्च २०२१ चा निकाल, त्यानंतरचे आयोग व अहवाल, आणि प्रभाग किती सदस्यांचा असावा याविषयी बदलत्या सरकारांचे बदलते कायदे, यांत हा काळ गेला. मार्च २०२२ च्या कायद्याने प्रभाग आखण्याचा अधिकार आयोगाकडून शासनाकडे गेला. अखेर ६ मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गाडी हलली आणि १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. या वेळी कोल्हापूरचे प्रभाग २० होते. १९ प्रभागांत प्रत्येकी चार आणि एका प्रभागात पाच, असे एकूण ८१ नगरसेवक.

या बदलाने वर सांगितलेले गणित पार बदलते. चार सदस्यांच्या प्रभागाची सरासरी लोकसंख्या २७ हजारांवर जाते. आपली दोन हजारांची वस्ती, जी पूर्वी शेकडा ३० होती, ती आता शेकडा सात-साडेसात उरते. वस्ती फोडण्याची गरजच राहिली नाही. तिला मोठ्या पाण्यात सोडले की ती आपोआप विरघळते.

काही मंडळी सांगतात की बहुसदस्य मतदारसंघ हे बाबासाहेबांचेच म्हणणे होते. हे अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्य असत्यापेक्षा अधिक घातक असते. १९५५ साली लिहिलेल्या भाषावार राज्यांवरील पुस्तिकेत बाबासाहेबांनी एक सदस्यीय मतदारसंघांऐवजी दोन किंवा तीन सदस्यांचे मतदारसंघ सुचवले हे खरे. खेड्याखेड्यांत एक मोठी जात आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या अनेक लहान जाती, असे चित्र त्यांनी मांडले होते, आणि लहान समाजांच्या संरक्षणासाठी हा उपाय सांगितला होता. परंतु त्याबरोबर त्यांनी एक अट घातली होती. मतदाराला आपली सर्व मते एकाच उमेदवाराला एकवटून देता आली पाहिजेत. १९३७ च्या मुंबई प्रांतिक निवडणुकीत अशी सोय होती. तीन मते तिघांना वाटण्याऐवजी आपल्या एकाच माणसाला देता आली, तर अल्पसंख्य समाजालाही स्वतःच्या बळावर एक प्रतिनिधी आणता येतो. १९५२ साली द्विसदस्य मतदारसंघ होते, पण मते एकवटण्याची सोय नव्हती. त्या निवडणुकीत उत्तर मुंबईत स्वतः बाबासाहेब पराभूत झाले. पुढे १९६१ साली द्विसदस्य मतदारसंघही रद्द झाले.

आजच्या चार सदस्यांच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा स्वतंत्र जागा असतात. मतदाराला प्रत्येक जागेसाठी एकच मत. चार मते एकाला देण्याची सोय नाही. म्हणजे २७ हजारांतील बहुसंख्य गट चारही जागांवर, राखीव जागेसह, आपल्या पसंतीचा माणूस आणू शकतो. बाबासाहेबांच्या योजनेतील देह घेतला आणि प्राण काढून टाकला.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी हे सारे आपल्या आधी भोगले आहे. अलाबामा राज्यात टस्कीगी नावाचे गाव आहे. बुकर टी. वॉशिंग्टन यांची शिक्षणसंस्था तिथली. १९५७ साली राज्याच्या विधिमंडळाने या गावाची हद्द बदलली. चौकोनी हद्दीची अठ्ठावीस बाजूंची वेडीवाकडी आकृती केली, आणि सुमारे ४०० कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच सोडून सारे गावाबाहेर गेले. गोरा मतदार एकही गेला नाही. त्याच संस्थेत समाजशास्त्र शिकवणारे प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन यांनी दावा लावला. गावातील कृष्णवर्णीयांनी गोऱ्या दुकानदारांवर बहिष्कार घातला. १९६० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने गोमिलियन यांच्या बाजूने कौल दिला. त्याच राज्यातील मोबील शहरात तीन सदस्यांचे मंडळ होते आणि प्रत्येक जागेसाठी सबंध शहराचे मतदान होई. लोकसंख्येत एक तृतीयांशाहून अधिक असूनही एकही कृष्णवर्णीय त्या मंडळावर कधी निवडून आला नाही. शहराचे स्वतंत्र प्रभाग पाडून १९८५ मध्ये निवडणूक झाली, तेव्हा कुठे ते सभागृहात पोचले. अ, ब, क, ड अशा जागा पाडून मते एकवटू न देण्याची युक्ती दक्षिणेतील अनेक शहरांनी तिथेही वापरली होती.

आपली स्थिती त्यांच्याहून एका बाबतीत बरी आहे. आपल्याकडे राखीव जागा आहे, त्यामुळे सभागृहात दलित चेहरा दिसतोच. पण चेहरा दिसणे आणि मत पोचणे या दोन गोष्टी आहेत. मुस्लिम मोहल्ल्यांना तर तीही सोय नाही. अल्पसंख्य म्हणून त्यांना राखीव जागा नाहीत. प्रभागाची रेषा हेच त्यांचे एकमेव संरक्षण. या प्रश्नावर दलित आणि मुस्लिम कार्यकर्त्यांनी एकत्र बसण्यात दोघांचेही हित आहे.

फिरती जागा

आणखी एक गोष्ट. राखीव जागा पाळीपाळीने फिरवण्याची मुभा घटनेनेच दिली आहे. एक सदस्यीय पद्धतीत आज राखीव असलेला प्रभाग पुढच्या निवडणुकीत खुला होतो आणि अनुसूचित जातींचे प्रमाण कमी असलेल्या पुढच्या प्रभागाची पाळी येते. सर्व भागांना संधी मिळावी हा हेतू वाईट नाही. परिणाम मात्र असा होतो की काही पाळ्यांनंतर राखीव जागा अशा ठिकाणी जाते जिथे दलित मतदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात, आणि जिथे वस्ती आहे तो प्रभाग खुला असतो. पाच वर्षे ज्या नगरसेविकेने गटारीसाठी, नळासाठी, समाजमंदिरासाठी भांडण मांडले, तिला पुन्हा त्याच मतदारांपुढे जाऊन हिशेब देता येत नाही. मतदारालाही तिला जाब विचारता येत नाही. प्रतिनिधी आणि वस्ती यांचे नाते दर पाच वर्षांनी तुटते. ते तुटले की प्रतिनिधी पक्षाच्या तिकिटावर अवलंबून राहतो. पुणे करारानंतर बाबासाहेबांनी ज्या दुखण्यावर बोट ठेवले होते, ते हेच.

म्हणून फिरती जागा रद्द करा, असे मी म्हणत नाही. दलित वस्ती मोठ्या प्रमाणात असलेल्या प्रभागात ती निदान लागोपाठ दोन निवडणुका राहावी, असा विचार व्हायला हवा. आणि बहुसदस्य प्रभाग ठेवायचेच असतील, तर मते एकवटण्याची सोयही द्यावी, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. ती बाबासाहेबांची मागणी आहे. ती मांडताना आपल्याला कोणाकडून काही उसने घ्यावे लागणार नाही.

आपले काम

घटनेच्या कलम २४३ य छ प्रमाणे प्रभागरचनेच्या कायद्याची वैधता न्यायालयात प्रश्नांकित करता येत नाही. निवडणूकही फक्त निवडणूक याचिकेनेच आव्हानित होते. याचा व्यावहारिक अर्थ असा की प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचनांसाठी जे थोडे दिवस मिळतात, तेच आपले खरे न्यायालय. त्या दिवसांची तयारी त्या दिवसांत होत नाही. ती आधीच करावी लागते.

प्रत्येक वस्तीतील दोन शिकलेल्या मुलामुलींनी आपल्या वस्तीचे प्रगणक गट कोणते, त्यांत एकूण लोकसंख्या किती आणि अनुसूचित जातींची किती, हे वहीत उतरवून ठेवावे. आराखडा आला की नकाशावरील रेषा गल्लीगल्लीतून पायी फिरून तपासावी. वस्ती फुटली असेल तर कोणत्या घरापासून कोणत्या घरापर्यंत ते लिहावे. हरकत भावनेच्या भाषेत न देता नियमाच्या भाषेत द्यावी : वस्तीचे विभाजन, नैसर्गिक सीमेचे उल्लंघन, लोकसंख्येतील तफावत. नुसता ‘अन्याय झाला’ असा अर्ज फायलीत जातो. ‘या गटातील इतकी माणसे ओढ्याच्या अलीकडे आणि इतकी पलीकडे टाकली आहेत, ती एकत्र ठेवली तरी लोकसंख्या मर्यादेतच राहते’ असा पर्यायी आराखड्यासह आलेला अर्ज बाजूला सारणे अधिकाऱ्याला जड जाते. शाळा-महाविद्यालयांतील आपल्या शिक्षकांनी भूगोलाच्या आणि गणिताच्या तासाला हा विषय घ्यावा. टक्केवारी शिकवण्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही. टस्कीगीचे गोमिलियन हेही शिक्षकच होते.

यावर कोणी म्हणेल, नगरसेवकाच्या निवडणुकीत एवढे काय आहे? पाणी आहे, शौचालय आहे, वस्तीचा पट्टा आहे, सफाई कामगाराची नोकरी आहे, स्मशानाची वाट आहे. महाडचे तळे हा शेवटी नगरपालिकेचाच विषय होता.

शाहू महाराजांनी आपल्या अधिकारात दत्तोबा पोवारांना नगरपालिकेत वाट करून दिली. तसा राजा आता नाही आणि त्याची वाट पाहण्याचे कारणही नाही. बाबासाहेबांनी मताचा अधिकार प्रत्येकाच्या हाती दिला. तो अधिकार ज्या प्रभागात वापरायचा त्याची रेषा कोठून जाते, हे पाहण्याचे काम आपले आहे. पुढची जनगणना तोंडावर आहे, आणि तिच्यामागून प्रभागांचे नवे नकाशे येतील. त्या वेळी हरकतींच्या रजिस्टरात बावड्यातील, सिद्धार्थनगरातील आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक वस्तीतील नावे असली पाहिजेत.